डाग निघंना? मग सॉल्व्हंट (डाग विरघळवणारं द्रव) निवडताना या चुका टाळा

शेंगा चटणीत तेल घालून भाकरीबरोबर खाताना शर्टावर सांडलं की आपल्याकडं पहिलं काम काय, तर पाणी मारून खसाखसा चोळायचं, आणि तिथंच गडबड होते. पाण्याचा रेणू पोलर, म्हणजे ऑक्सिजनकडं थोडा निगेटिव्ह चार्ज आणि हायड्रोजनकडं थोडा पॉझिटिव्ह, त्यामुळं हे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात आणि नॉन-पोलर, म्हणजे अशी चार्जची टोकं नसलेल्या, तेलाला मधे शिरूच देत नाहीत. त्यात सुती कापडही पोलरच, ते गटागटा पाणी पिऊन घेतं, मग वरून काहीही लावा, ओल्या धाग्यात तेलापर्यंत नीट पोचत नाही. कापड कोरडं आहे तोवरच तेल टिपून घ्या, भांड्याचं लिक्विड तसंच चोळा, थोडा वेळ जाऊ द्या, मग पाणी. लिक्विडच्या रेणूचं एक टोक तेलात घुसतं, दुसरं पाण्याला धरतं.

सोलापूरच्या पूर्व भागात लूमच्या (यंत्रमागाच्या) ऑइलचा डाग टॉवेलवर पडला की रॉकेल लावतात. केमिस्ट्री बरोबरच आहे, दोन्ही नॉन-पोलर आणि सारख्यात सारखं विरघळतं, पण खाली फडकं न ठेवता ओतलं तर तेल पातळ होऊन डागाचं मोठं वर्तुळ होतं, आणि शेवटी साबण लागतोच. पेट्रोल मात्र नकोच, वाफ लगेच पेट घेते.

हळदीवर साबण लावला की डाग लाल होतो आणि घरात बोंबाबोंब! डाग वाढलेला नसतो, साबण अल्कलाइन, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, म्हणून रंग बदलतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून आधी स्पिरिटनं टिपा आणि राहिलेला रंग उन्हात उडू द्या, सोलापुरात उन्हाला काय तोटा.

बॉलपेनला पण स्पिरिटच. नेलपॉलिश रिमूव्हर जास्त स्ट्राँग म्हणून वापरू नका, त्यात अ‍ॅसिटोन असेल तर अ‍ॅसिटेटचं कापडच विरघळतं.

बारावीवाल्यांची चूक वेगळी, रेणूत ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) दिसला की पाण्यात विरघळणार असं लिहून मोकळे. इथेनॉल पाण्यात कितीही मिसळतं, पण कार्बनची साखळी थोडी वाढून ब्युटेनॉल झालं की 100 मिली पाण्यात 7-8 ग्रॅमच्या आसपासच. आणि आयनिक, म्हणजे मिठासारखं चार्ज असलेल्या आयनांचं, आहे म्हणून विरघळेलच असंही नाही, गीझरमधला पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यातले आयन एकमेकांना इतके घट्ट धरतात की पाण्याला ते सुटत नाहीत. व्हिनेगरनं तो जातो खरा, पण बुडबुडे येतात ना, म्हणजे ती रिॲक्शन आहे, पोलॅरिटीचा तिथं संबंध नाही.