डेबियनमध्ये स्पॉन्सर होताय? या चुका टाळा

अपलोडचा हक्क नसलेल्या माणसाने सॉफ्टवेअरचं पॅकेज तयार केलं, की ते डेबियन या लिनक्स प्रणालीच्या संग्रहात चढवायला एखादा डेबियन डेव्हलपर लागतो. तो म्हणजे स्पॉन्सर. चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदींत, नाव त्या माणसाचंच राहतं, पण अपलोडवर सही तुमच्या जीपीजी कीची, म्हणजे डिजिटल सहीच्या किल्लीची, असते. पॅकेजने उद्या कुणाचं मशीन बिघडवलं, तर जाब सही करणाऱ्यालाही विचारला जाणार.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे समोरून आलेल्या फायलींवर डोळे मिटून सही करणं. सोर्स कोड घ्या आणि एसबिल्ड या साधनाने स्वच्छ चेरूटमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) स्वतः बिल्ड करा. मूळ टारबॉलही (सोर्सची गठ्ठा-फाइल) स्वतः अपस्ट्रीमकडून, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांकडून, उतरवा आणि चेकसम (फाइल तीच आहे हे दाखवणारा आकडा) जुळवून पाहा. तरी निर्धास्त होऊ नका. २०२४ मध्ये एक्सझेड या फायली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकडोर (चोरवाट) घुसवलं गेलं, तेव्हा टारबॉल अपस्ट्रीमचाच होता. बॅकडोर जागं करणारी बिल्ड स्क्रिप्ट फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये, म्हणजे सोर्सच्या उघड्या भांडारात, नव्हतीच. म्हणून गिटमधला त्या आवृत्तीचा टॅग आणि टारबॉल यांचा डिफ (फरक) बघा, आणि पॅकेज जुनं असेल तर डेबडिफ या साधनाने संग्रहातल्या आवृत्तीशी तुलना करा. २९ मार्चला ते बिंग फुटलं. त्याच्या काही दिवस आधी बॅकडोर असलेली ५.६.१ ही आवृत्ती डेबियनमध्ये घ्या, अशी विनंती एका अनोळखी नावाने आली होती. कुणी फार घाई करायला लागलं, की मी तरी मुद्दाम सावकाश होतो.

पॅकेजमधल्या चुका शोधणारा लिंटियन हा प्रोग्रॅम गप्प बसला म्हणजे पॅकेज ठीक, असंही नाही. परवान्यांची फाइल तो वाचून समजून घेत नाही. सोर्समध्ये कुठेतरी कोंबलेली जावास्क्रिप्ट लायब्ररी, तिचा वेगळा परवाना, हे तुम्हालाच शोधावं लागतं. नाहीतर नवं पॅकेज नवी पॅकेजेस तपासणाऱ्या डेबियनच्या चमूकडून परत येतं.

आता नेहमीच्या अडचणी. सही करणारा डेबसाइन हा प्रोग्रॅम योगदानकर्त्याची की शोधत बसतो, कारण तो चेंजलॉगमधलं नाव बघतो. 'के' (-k) पर्यायाने तुमची की द्या.

अपलोड 'मूळ टारबॉल नाही' म्हणून नाकारलं गेलं? तपासणीच्या फेऱ्यांत रिव्हिजन (त्याच आवृत्तीच्या डेबियन पॅकेजचा क्रमांक) १ वरून ३ वर गेलेली असते, आणि चेंजलॉगच्या आधीच्या नोंदीत अपस्ट्रीम आवृत्ती तीच दिसली की डीपीकेजी हे पॅकेज बांधणारं साधन टारबॉल जोडत नाही. 'एसए' (-sa) पर्याय दिला की तो जोडला जातो. त्याच गोंधळात मधल्या नोंदींमधले बग बंद व्हायचे राहतात, त्यासाठी 'व्ही' (-v) पर्यायाने संग्रहातली शेवटची आवृत्ती सांगावी लागते. खरं तर प्रत्यक्ष अपलोड होईपर्यंत चेंजलॉगमध्ये एकच नोंद ठेवायला सांगितलं, तर यातलं काहीच उद्भवत नाही.

नवं पॅकेज स्वीकारलं गेलं, पण टेस्टिंगमध्ये (पुढच्या स्थिर आवृत्तीची तयारी होणाऱ्या शाखेत) सरकत नाही, ही तक्रारही नेहमीची. न्यू रांगेसाठी (नवी पॅकेजेस तपासणीला थांबतात ती रांग) बायनरी, म्हणजे बिल्ड करून तयार झालेल्या फायली, द्याव्याच लागतात, आणि २०१९ पासून माणसाने चढवलेल्या बायनरी टेस्टिंगमध्ये जात नाहीत. म्हणजे लगेच एक निव्वळ सोर्सचं अपलोड आणखी करायचं.

माणसांशी वागतानाच्या चुका याहून जास्त नुकसान करतात. पहिल्याच उत्तरात चाळीस आक्षेप काढले, तर नवा माणूस परत फिरकत नाही. अपलोड अडवणारं काय आणि निव्वळ तुमच्या आवडीचं काय, हे वेगळं लिहा. चुका गुपचूप स्वतः दुरुस्त करून चढवू नका. पुढच्या वेळी त्याच येतील. आणि वेळ नसेल तर तसं स्पॉन्सर मागणाऱ्या बगवर (बग-यादीतल्या विनंतीवर) सरळ कळवा. 'बघतो' म्हणून महिनाभर गायब झालात, तर दुसरा कुणी ते काम हातात घेत नाही.

चार-सहा अपलोड नीट झाली, तरी प्रत्येक वेळी सही तुम्हीच करत राहणं हीही चूकच. त्या योगदानकर्त्याला डेबियन मेंटेनर (ठरावीक पॅकेजेसपुरता अपलोडचा हक्क मिळू शकणारा) व्हायला सुचवा, त्याची शिफारस करा, आणि तो झाला की डीकट या आज्ञेने त्या एका पॅकेजपुरता अपलोडचा हक्क देऊन मोकळे व्हा.