सोळा पायऱ्या
उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून दीड महिना झाला, तरी जिन्यापाशी गेलं की छातीत धस्स व्हायचं. त्यात संधिवाताने बोटं सुजलेली. वॉकर धरला की कळ मनगटापर्यंत जायची. शेवटी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या वॉकरच्या मुठींवर घट्ट गुंडाळल्या. मूठ जाड झाली, बोटांवरचा ताण उतरला.

सकाळी हात आधी कोमट पाण्यात, मग व्यायाम: टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. दुखायचं, पण पाय सरळ होऊ लागला.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलेलं सगळ्यात मोलाचं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. तेच पुटपुटत, कठडा धरून काल सोळा पायऱ्या उतरले आणि हातगाडीवरची मेथीची जुडी स्वतः निवडून आणली.