पावसाळ्यात जुन्या मायक्रोस्कोपची भिंगं बुरशीपासून जपा
गोव्यात जून लागला की हवेतली ओल हटत नाही आणि जुन्या भिंगांवर बुरशीचे बारीक तंतू धरतात. ते काचेवर कोरले गेले की डाग कायमचा.

१. ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडचं भिंग) आणि आयपीस (डोळ्याकडचं भिंग) काढून रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवा. मूळची लाकडी पेटी कितीही देखणी असली तरी पावसाचे चार महिने नकोच; लाकूड ओल धरतं.
२. सोबत केशरी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसला तापवा, परत केशरी होतात.
३. मायक्रोस्कोपच्या नळीची उघडी तोंडं टोपणांनी बंद करा.

भिंगं अल्कोहोलमध्ये बुडवू नका: जुनी जोडभिंगं बहुधा कॅनडा बाल्सम या झाडाच्या पारदर्शक राळेनं चिकटवलेली असतात, तो सांधा सुटू शकतो.