ऊसतोडीच्या गावातल्या शाळेला पुस्तकं द्यायची असतील तर

आधी मुख्याध्यापकांना फोन करा. कोणत्या वर्गात किती लेकरं आहेत, पुस्तकं ठेवायला मांडणी आहे का, एवढं विचारा. मगच गठ्ठा बांधा. अंबाजोगाईत माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, म्हणून सांगते: पाठ्यपुस्तकं नकोत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीला ती मोफत मिळतात. जुनी गाईडं, स्पर्धा परीक्षांचे ठोकळे तर नकोतच.

लागतात गोष्टी. मोठी अक्षरं, पानभर चित्र, खाली दोन-तीन ओळी. नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन प्रती द्या, लेकरं जोडीनं वाचतात. वाळवी लागलेलं, पानं सुटलेलं पुस्तक कुणाच्याच लेकराच्या हातात देऊ नका. गरिबाच्या पोरालाही नीटनेटकंच आवडतं.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणीकडची बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात अन् उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणून पुस्तकं जूनमध्येच पोचवा. गुरुजींना एवढी विनंती जरूर करा: आई-बापासोबत फडावर निघालेल्या लेकराला दोन पुस्तकं न्यायला द्या, हरवली तरी चालतील. हरवलेल्यांच्या जागी मी दुसरी देते.