पिकअपच्या मागच्या ड्रम ब्रेकचे डिस्क ब्रेक करताय? या चुका टाळा

आमचं गॅरेज नारायणगावला. टोमॅटोच्या सीझनला कल्याण-वाशीकडे माल नेणाऱ्या पिकअप रोज दारावरून जातात. त्यातल्या जुन्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवायचं खूळ आलंय, आणि बसवल्यावर महिन्याभरात यातली बरीच गाडी माझ्याकडे येते. चुका ठरलेल्या असतात.

पहिली चूक म्हणजे ड्रम न उघडताच डिस्क ठरवणं. आधी उघडून बघा. ड्रमला आतून दाबणाऱ्या शूजचे लायनर संपलेले, अ‍ॅडजस्टर गंजून जाम, शूज ढकलणारा व्हील सिलिंडर गळका. एवढं नीट केलं, ड्रम लेथवर साफ करून घेतला की निम्म्या गाड्यांना डिस्कची गरजच उरत नाही. उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 चं बंधन आहे, तेव्हा आरटीओत आधी विचारा. ब्रेकच्या कामात कागद नंतर बघू म्हणणाऱ्याची गाडी मी घेत नाही.

आता ज्या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो ती. मागे डिस्क बसवायची आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप, ड्रमचाच ठेवायचा.

जुन्नरकडचा एक पोरगा वडिलांची जुनी पिकअप चालवायचा. डिस्क बाहेरून बसवून आणली होती, दीड दिवसात. आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. अ‍ॅव्हरेज पडलं, न्यूट्रलला गाडी घरंगळत नाही, मागून जळका वास येतो. बसवणारा म्हणाला, नवीन पॅड आहेत, बसतील हळूहळू. मग एका रात्री भरलेली गाडी घेऊन माळशेज उतरताना त्याचं पेडल तळाला टेकलं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांना उकळतं, ओल धरलेलं 140 लाच, आणि वाफ झाली की पाय नुसती वाफ दाबत बसतो. पोराने गिअर उतरवत गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. जिवावरचं पत्र्यावर निभावलं.

गाडी माझ्याकडे आल्यावर जॅकवर घेतली. मागचं चाक हाताने फिरवलं, मोकळं होतं. ब्रेक एकदा दाबून सोडला आणि पुन्हा फिरवलं, तर पॅड खरखरत होते, चाक जड झालं होतं. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा सैल केला. बारीक पिचकारी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे पाय काढल्यावरही दाब लाइनमध्येच अडकून होता.

जुन्या ड्रमवाल्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये चेक व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरच्या वॉशरचे ओठ ताणलेले राहतात आणि हवा आत जात नाही. ड्रमच्या शूजना एवढ्या दाबाचं काही वाटत नाही, कारण त्यांना मागे खेचायला दणकट स्प्रिंग असतात. डिस्कला तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी सील त्याला केसभर मागे ओढते, तेवढंच. त्यामुळे हा 10 पीएसआय तिथे पॅड दिवसभर घासत ठेवतो.

काही जण तो व्हॉल्व्ह काढून जुनाच मास्टर चालवतात. मला ते पटत नाही. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं आणि लहान मास्टरवर पेडल लांब जातं. मी चारही डिस्कना जुळणारा मास्टर आधी टेबलावर आणतो, मगच चाक खोलतो.

निपल सैल करूनही चाक अडकलेलंच राहिलं, तर कॅलिपरच्या पिना किंवा हँडब्रेकची केबल बघा. निपलने मोकळं होतं पण मास्टरजवळचा पाइप सैल करून होत नाही, तर रबरी होज आतून सुजलाय.

तिसरी चूक हँडब्रेक गायब करण्याची. स्वस्तातला साधा कॅलिपर बसतो, केबल चेसिसला गुंडाळून ठेवतात आणि ड्रायव्हरला सांगतात, पहिला गिअर टाक, चाकाला दगड लाव. चढावर माल उतरवणाऱ्या गाडीच्या मागे माणसं उभी असतात हो! प्रॉपेलर शाफ्टवर हँडब्रेक असलेल्या जुन्या जीपवाल्यांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी हँडब्रेकची यंत्रणा असलेला कॅलिपर घ्यावा, नाहीतर ज्या डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो ती. हँडब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत न्यायचा असतो. घाईत क्लॅम्पने दाबलात तर आतला स्क्रू गेला.

एलएसपीव्ही या मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हचा दांडा तारेने वर बांधून ठेवणारे मिस्त्रीही मी पाहिलेत. तो व्हॉल्व्ह भार बघून मागचा दाब कमी-जास्त करतो. ड्रम फिरताना शूला स्वतःच आत ओढून घेतो, डिस्कमध्ये तसं होत नाही, म्हणून डिस्कला लागणारा दाब वेगळा असतो. त्यात स्प्रिंगचे पाटे वाढवलेले असतील तर भरलेली गाडीही उंच राहते आणि व्हॉल्व्ह तिला रिकामी समजतो. दांड्याचं सेटिंग नव्याने करा.

कॅलिपरचं ब्रॅकेट मागच्या धुऱ्याच्या हाउसिंगला वेल्ड करू नका, बॅकप्लेटच्या मूळ भोकांवर बोल्टने बसवा. अ‍ॅक्सलचं ऑइल सील त्याच वेळी बदला. निपल खाली आला असेल तर डावा-उजवा कॅलिपर उलटा बसलाय, हवा कधीच निघणार नाही.

शेवटी चाचणी. मोकळ्या रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत, आधी रिकामी आणि मग भरलेली. मालक बाकावर बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ दाखवतो. रिकाम्या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली, तर त्या दिवशी मी चावी देत नाही.