खार जमिनीत भात घेताना या चुका टाळा

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या सखल पट्ट्यात बांध घालून भरतीचे पाणी अडवलेल्या जमिनीला आपण खार म्हणतो. ही माती भारी व चिकण असते, तिच्यातून पाण्याचा निचरा सावकाश होतो आणि भूगर्भातील खारे पाणी फार खोल नसते. पावसाळ्यात क्षार धुपून खाली व बाहेर जातात आणि उन्हाळ्यात बाष्पीभवनाबरोबर तेच क्षार वर चढतात. बहुतेक चुका हे चक्र न ओळखल्यामुळे होतात.

पहिली चूक माती परीक्षणाची. श्रावणात घेतलेल्या नमुन्यात क्षारता कमी दिसते आणि शेतकरी निर्धास्त होतो. म्हणून नमुना एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रावाची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असली, तर जमीन क्षारयुक्त समजतात. पांढरा थर दिसताच जिप्सम टाकण्याची घाईही महागात पडते. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला, म्हणजे जिचा सामू (पीएच) ८.५ च्या वर असतो आणि मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते, तिला होतो. कोकणातील खारीत प्रामुख्याने विरघळणारे मीठ असते आणि ते घालवायला पावसासारखा दुसरा उपाय नाही.

हा पाऊस वाया घालवणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. पहिल्या जोरदार सरींचे पाणी शेतात दोन-तीन दिवस बांधून ठेवावे, क्षार विरघळू द्यावेत आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातील झडपेच्या दारातून, ते पाणी खाडीत सोडून द्यावे. भरती चढण्याआधी उघाडीची झडप घट्ट बसली आहे ना, हे मात्र स्वतः जाऊन पाहावे, कारण झडपेत अडकलेली एखादी काटकीसुद्धा रात्रभर खारे पाणी आत घेते. पाणी बाहेर न काढता तेच शेतात आटू दिले, तर मीठ जागच्या जागी राहते.

भाताचे रोप कोवळ्या वयात आणि फुलोऱ्याच्या वेळी क्षारांना सर्वांत कमी तोंड देते. त्यामुळे २१ दिवसांचे रोप लावण्यापेक्षा ३० ते ३५ दिवसांचे लावावे आणि एका चुडात, म्हणजे एका जागी एकत्र लावायच्या जुडीत, रोपांची संख्या थोडी वाढवावी. गोड्या जमिनीतील सुधारित वाण येथे आणण्याऐवजी खारभूमीसाठी विकसित केलेले पनवेल १, २ किंवा ३ हे वाण निवडावेत. युरिया एकाच वेळी न देता हप्त्यांत विभागून द्यावा.

कापणीनंतर शेत मोकळे सोडू नये. उघड्या मातीतून ओल उडते आणि क्षार वर येतात. पेंढ्याचे आच्छादन हा वेग कमी करते. उन्हाळी पिकासाठी खाडीलगत बोअर मारणे धोक्याचे आहे, कारण उपसा वाढला की खारे पाणी आत ओढले जाते. शेततळ्यात साठवलेले पावसाचे पाणी अधिक भरवशाचे.

बांधाच्या पायथ्याची माती काढून बांधावरच टाकणे आणि खेकड्यांची बिळे दुर्लक्षित ठेवणे यांतून खांड पडते, म्हणजे बांध फुटून भगदाड पडते. बांधाबाहेरील कांदळवन लाटांचा मार अंगावर घेते, तेव्हा ते तोडू नये. खांड बुजवायला उशीर झाला, तर मात्र शेतातच कांदळवन उगवते आणि मग कायद्याच्या संरक्षणामुळे ते परवानगीशिवाय काढता येत नाही. म्हणून खांड पडली की पुढच्याच ओहोटीला ती बुजवण्याचे काम हाती घ्यावे.