भट्टीवरचं कुटुंब सोडवायचं तर आधी वही बघा

दिवाळी आली की माझ्या वर्गातल्या मागच्या दोन रांगा रिकाम्या व्हायला लागतात. आज एक भावंडांची जोडी, परवा तिघं. विचारलं तर उरलेली पोरं सांगतात, "बाई, ती भट्टीव गेली." मी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेला लागूनच कातकरी आदिवासींची वाडी आहे. गेली काही वर्षं मी तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक म्हणूनही काम करते, त्यामुळे वीटभट्टीवर अडकलेली कुटुंबं सोडवण्याच्या कामात पडले. सुरुवातीला चुकले, आणि ती चूक एका मुलाला फार महागात पडली. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माणसांची तस्करी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे रात्रीची रेल्वे आणि फसवून नेलेली मुलगी येते. आमच्याकडे हे दिवसाढवळ्या होतं. भाद्रपदात वाडीवर चूल पेटायची मारामार असते. लावणीची कामं संपलेली, कापणी लांब. नेमका तेव्हा मुकादम येतो आणि दहा-पंधरा हजार हातात ठेवतो. पुढच्या मजुरीतून फेडायच्या या आगाऊ पैशाला उचल म्हणतात. दिवाळीच्या सुमारास टेम्पो येतो आणि अख्खं बिऱ्हाड, कोंबड्यांसकट, कामावर जातं. काही वीटभट्टीवर, काही ऊसतोडीला, काही थेट कर्नाटकात कोळसा पाडायला. मुलं तर नुसती दिलीही जातात. 2022 च्या सप्टेंबरमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा कुठे बाहेर आलं की काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन या वाड्यांवरची मुलं मेंढ्या वळायला नेली जात होती.

उचल घेतली म्हणून माणूस लगेच वेठबिगार होत नाही. 1976 चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा म्हणतो की उचलीपोटी चारपैकी एक जरी गोष्ट घडत असेल तरी ती वेठबिगारी: मजुरीच मिळत नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी मिळते, दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नाही, हवं तेव्हा हवं तिथे जाता येत नाही, आपला माल बाजारभावाने विकता येत नाही. एक पुरे. साखळदंड, मारहाण, कुलूप यातलं काहीही लागत नाही. अधिकारी हमखास विचारतात, "बांधून ठेवलंय का? बाजाराला तर जातात की." तेव्हा या चार गोष्टी तोंडपाठ हव्यात. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीच सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच, दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, सांगून ठेवलं आहे.

भट्टीवर कधी गेलात तर मजुराला "तुम्हाला डांबलंय का?" असं विचारू नका. तो नाहीच म्हणणार. विचारा, "शिमग्याला घरी जाणार ना?" एका बाईने मला याचं उत्तर दिलं होतं, "शेठ सोडल तं जाव. हिसोब झाल्याबिगर जायाचा नाय." या एका वाक्यात कायद्यातली तिसरी अट पुरी होते. मग विचारा, हजार विटांमागे काय ठरलंय, दिवसाला दोघं मिळून किती पाडता, आठवड्याची खर्ची, म्हणजे खर्चाला हातात मिळणारे पैसे, किती. आणि मग हिशोबाची वही मागा.

वही जवळजवळ प्रत्येक झोपडीत असते. मी पाहिलेली पहिली वही दुधाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून कुडात खोचलेली होती. चाळीस पानी, वर पोपटाचं चित्र. आत शेठच्या मुनिमाचं अक्षर. गणपतीत उचल 15,000. पुढे दर शनिवारी खर्ची. मध्येच "दवाखाना 1,400", "अवकाळीत भिजलेल्या विटा वजा", "मोबाईल". प्रत्येक पानाखाली जांभळा अंगठा. शिमग्यापर्यंत बाकी 32,000 झालेली. पाडलेल्या विटांचा आकडा मात्र कुठेच नव्हता. तो शेठच्या वहीत, आणि ती वही शेठच्या घरी. ज्याच्या नावाने अंगठे होते त्याला आपण किती विटा पाडल्या हे सांगता येत नव्हतं. त्याची बायको मात्र शनिवारपासून शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजून दाखवत होती.

प्रत्येक पानाचा फोटो काढा. वही मात्र त्यांच्याकडेच राहू द्या, नाहीतर संध्याकाळी शेठ ती मागेल आणि मार त्यांना बसेल. फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मुलांचे तर काढूच नका. संकटात सापडलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी पुढे जन्मभर त्या पोराला त्याच गावात राहायचं असतं.

आता माझ्या चुकीबद्दल. या वहीतल्या कुटुंबाचा मोठा मुलगा माझ्याकडे चौथीत होता. गणितात हुशार. आम्ही पाच शिक्षकांनी वर्गणी काढली, शेठशी घासाघीस केली, 18,000 दिले आणि कुटुंबाला टेम्पोत घालून वाडीवर आणलं. वाटलं, झालं काम. पुढच्या भाद्रपदात तोच शेठ वाडीवर आला आणि नवी 20,000 ची उचल देऊन गेला. मुलगा पुन्हा गेला. परत आला तेव्हा वयामुळे वर्गात बसायची लाज त्यालाच वाटू लागली होती. तो पुन्हा शाळेत आला नाही.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा: उचल फेडू नका. वेठबिगारीचं कर्ज कायद्यानेच संपलेलं आहे. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणं हा घेणाऱ्याचा गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्ही पैसे देऊन त्या शेठचं कर्ज खरं ठरवलं आणि त्याच्या गुन्ह्याचा कागदच उरू दिला नाही.

गाडी घेऊन परस्पर सोडवायलाही जाऊ नका. तुम्ही चार जणांना आणाल, उरलेल्या दहा झोपड्या रात्रीत दुसऱ्या भट्टीवर हलवल्या जातील. अर्ज करा. तो प्रांताधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, कारण या कायद्यात चौकशीची जबाबदारी त्यांच्यावर आहे. मी विषय असा लिहिते: "मौजे अमुक येथील वीटभट्टीवर उचलीपोटी अडकवून ठेवलेल्या मजुरांची वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम 1976 नुसार चौकशी व सुटका करून त्यांना मुक्ती प्रमाणपत्र देणेबाबत." मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, हे शब्द विषयातच हवेत, खाली कुठेतरी नकोत. मजकुरात कुटुंबं किती, मूळ वाडी कोणती, उचल कोणी व कधी दिली, आठवड्याला हातात किती येतं, किती तास काम, मुलं किती आणि ती काय करतात, भट्टीकडे जायची वाट कशी, एवढं पुरतं. कायद्यावर भाषण लिहू नका. आवकचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका. तिथे कुणी म्हणालं "पुरावा आणा", तर नम्रपणे सांगा की हे कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं या कायद्यात मालकावर आहे, मजुरावर नाही. अर्ज लिहायला माणूस नसेल तर 15100 वर विधी सेवेची मदत मोफत मिळते. मूल एकटंच कामाला ठेवलेलं दिसलं तर अर्जाची वाट बघू नका, 1098 लावा. जिवाला धोका असेल तर 112.

पोलिसांकडे गुन्हा नोंदवताना बरेच जण फक्त 1976 चा कायदा लावून घेतात. तो जामीनपात्र आहे, मालक संध्याकाळी घरी येतो. फसवून किंवा अडचणीचा फायदा घेऊन माणसं नेली असतील आणि गुलामासारखं राबवलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 143, म्हणजे मानवी तस्करी, लावायला सांगा. त्यात कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे, आणि "तो आपल्या खुशीने आला होता" हा बचाव चालत नाही. मजूर आदिवासी असेल आणि मालक अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो, कारण आदिवासीला वेठीस धरणं त्यात स्पष्ट नमूद आहे. "आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणून परत पाठवलं तर सांगा, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. तरीही ऐकलं नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

सुटकेचा दिवस म्हणजे जबाबाचा दिवस, आणि सगळं तिथेच बिघडतं. दुसऱ्या एका सुटकेच्या वेळी मी हजर होते. तहसीलदार, पोलीस, कामगार खात्याचे अधिकारी, सगळे आले. शेठने खुर्च्या मांडल्या, थंड मागवलं आणि मजुरांना समोर उकिडवं बसवलं. "सांग रे, काही त्रास आहे का?" सगळे खाली बघत "नाय साहेब". मी साहेबांना विनंती केली की जबाब इथे नको, शाळेत घेऊ या. दोन किलोमीटरवर शाळा. तिथे पंख्याखाली बसवलं, मुलांना खिचडी दिली, वाडीवरच्या एका शिकलेल्या मुलीला कातकरी बोलीसाठी सोबत ठेवलं. तासाभराने पहिला माणूस बोलायला लागला, आणि मग थांबेचना. तुम्हीही हाच आग्रह धरा: मालकाच्या नजरेआड, मजुराच्या बोलीत, आणि पोटात काहीतरी गेल्यावर.

इथे बायकांकडे खास लक्ष द्या, कारण यंत्रणेला त्या दिसतच नाहीत. वही नवऱ्याच्या नावावर, उचल नवऱ्याच्या नावावर, जबाबही नवऱ्याचाच. मालक म्हणतो, "बाई फक्त सैपाक करते." त्या दिवशी मी एका बाईला विचारलं, चिखल कोण तुडवतं, साचा कोण उचलतं, विटा कोण उलटतं? तिने काही न बोलता हात पुढे केले. बोटांची पेरं घासून गुळगुळीत झाली होती, मधल्या बोटाचं नख मुळापासून गेलेलं. मी साहेबांना ते बघायला सांगितलं आणि तिचा वेगळा जबाब लिहून घेतला.

मुक्ती प्रमाणपत्र कुटुंबाला एक नसतं, माणशी एक असतं. नवऱ्याचं, बायकोचं, राबणाऱ्या मुलाचं, प्रत्येकाचं वेगळं. ते सुटका झालेल्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यानेच द्यायचं असतं. माणसं गावी पोहोचली की मग महिनोन्‌महिने चकरा. म्हणून माणसं टेम्पोत बसायच्या आधी कागद मागा. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत तातडीची मदत 30,000 रुपयांपर्यंत आहे आणि ती खटल्याच्या निकालावर अवलंबून नाही. त्यापुढची रक्कम पुरुषाला 1 लाख, बाई आणि मुलाला 2 लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणात 3 लाख. ही रक्कम खटल्यात अडकते, तेव्हा तारखांना कुणीतरी सोबत जावं लागतं. बाईचं प्रमाणपत्र काढलं नाही तर तिचे 2 लाख गेले, आणि पुढच्या वर्षीची उचल घ्यायची की नाही हे ठरवायची तिची ताकदही गेली.

राबणारी मुलं सापडली तर 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावी लागतात. आईबाप घाबरतात, त्यांना वाटतं पोर काढून घेतील. आधी समजावून सांगा, शक्य असेल तर त्यांनाही सोबत न्या.

परत आल्यावरचं काम कंटाळवाणं असतं आणि तेच लोक सोडून देतात. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, जातीचा दाखला नाही, बँक खातं नाही. पैसे मंजूर होऊन खात्यात पडत नाहीत ते या नावांच्या गोंधळामुळे. सुटकेनंतरच्या पहिल्या महिन्यात प्रत्येकाचं स्वतंत्र खातं उघडून घ्या, नाव आधारप्रमाणेच लिहा, प्रमाणपत्रावरही तेच नाव आहे ना ते बघा. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स काढा. झोपडी पावसात गळते, मूळ कागद टिकत नाही. माझ्या शाळेच्या कपाटात एक फाइल आहे. तिच्यात आज अकरा जणांच्या प्रती आहेत, त्यातल्या सहा बायकांच्या.

मी भाद्रपदात गणपती विसर्जनानंतरचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी वाडीवर जाऊन बसते. रेशन आलं का, रोजगार हमीचं काम निघालं का, कुणाच्या घरी आजारपण आहे का, एवढंच विचारते. रोजगार हमीची मागणी मी श्रावणातच ग्रामपंचायतीत लेखी देऊन पोच घेऊन ठेवलेली असते. मागच्या वर्षी मुकादमाची गाडी आली तेव्हा ती विटा उलटणारी बाई दारात बसून तांदूळ निवडत होती. त्याने विचारलं, यायचं का? तिने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद आणून त्याच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही. त्याला येत होतं.